सही किती लहान, की किती निर्धास्त?

गेल्या वेळी आपण शोर यांच्यापाशी थांबलो होतो. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हाती आला तर आरएसए आणि इलिप्टिक कर्व्हवरच्या डिजिटल सह्या मोडता येतील, हे पीटर शोर यांच्या १९९४ च्या कामातून कळलं. त्याला उत्तर म्हणून लॅटिसवरच्या सह्या पुढे आल्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०२२ मध्ये अशा दोन योजना निवडल्या, डायलिथियम आणि फाल्कन. डायलिथियमवर आधारलेलं एमएल-डीएसए हे मानक १३ ऑगस्ट २०२४ ला प्रसिद्ध झालं. या दोघांची तुलना बहुतेक वेळा आकारावर आणि वेगावर होते. ती अपुरी आहे, असं आमचं म्हणणं आहे.

आधी लॅटिस म्हणजे काय ते पाहू. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यापुढे आणा. मात्र दोन मितींऐवजी शेकडो मिती. एखादा बिंदू दिला की त्याच्या जवळचा ठिपका शोधायचा. ज्याच्याकडे आखूड बाणांचा संच आहे त्याला हे सोपं जातं. ज्याच्याकडे लांब, तिरपे बाण आहेत तो अडकतो. आखूड बाण ही गुप्त किल्ली, लांब बाण ही जाहीर किल्ली, आणि सापडलेला ठिपका ही सही.

सुरुवातीच्या योजना अशाच होत्या, आणि तिथेच घात झाला. बिंदू आणि ठिपका यांच्यातला फरक दर वेळी गुप्त बाणांनी आखलेल्या चौकटीतच पडायचा. सह्या साठल्या की चौकट दिसू लागते. २००६ मध्ये न्गुयेन आणि रेगेव्ह यांनी सुमारे ४०० सह्यांवरून एनटीआरयूसाइनच्या मूळ रूपाची गुप्त किल्ली काढली. तीही साध्या संगणकावर! म्हणजे किल्ली फोडली ती सहीनेच.

आता दोन्ही योजना यावर काय उपाय करतात?

फाल्कन जवळचा ठिपका निवडताना घंटेच्या आकाराच्या वक्रानुसार यादृच्छिकता मिसळतं, त्यामुळे चौकट पुसली जाते. सही ६६६ बाइटची. पण त्यासाठी दशांश चिन्हाची नाजूक गणितं लागतात. ती चुकली, किंवा त्यांना लागणारा वेळ बाहेरून मोजता आला, तर चौकट पुन्हा डोकावू शकते.

डायलिथियम ल्युबाशेव्हस्की यांच्या २००९ च्या कल्पनेवर उभं आहे. उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की टाकून द्यायचं, पुन्हा सुरुवात. सर्वांत लहान रूपात सरासरी चारेक प्रयत्न होतात आणि सही २४२० बाइटची. जुनी इलिप्टिक कर्व्हची सही ६४ बाइटची होती, तेव्हा ही वाढ आम्ही थोडी म्हणणार नाही. पण इथे सगळा हिशेब पूर्णांकांचा आहे. मर्यादा तपासणारी ओळ गाळली तर इथेही किल्ली गळतेच. मात्र ती ओळ वाचून पडताळता येते.

म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना हवा, असं आम्हाला वाटतं: सामान्य प्रोग्रामरच्या हातून एक चूक झाली तर किती नुकसान? यंत्रांच्या चिपमध्ये पडताळणीची किल्ली एकदा कोरली की ती वर्षानुवर्षं तशीच राहते. सही बनावट करता आली तर खोटं अपडेटही ते यंत्र निमूट स्वीकारील. अशा ठिकाणी सही करायला आम्ही आज डायलिथियम घेऊ, जास्तीचे बाइट मोजून.