पुलावरची पाटी

डेव्हिड लीनचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) मी यंदा प्रथमच पाहिला. युद्धातला वेडेपणा दाखवणारा अभिजात चित्रपट म्हणून त्याच्याविषयी पुष्कळ वाचले होते. पाहताना मात्र लक्ष खिळले ते शेवटाकडे येणाऱ्या एका पाटीवर.

जपान्यांच्या छावणीत कर्नल निकल्सन (अ‍ॅलेक गिनेस) एका तत्त्वासाठी हाल सोसतो: जिनिव्हा करारानुसार अधिकाऱ्यांना अंगमेहनतीला लावता येणार नाही. तो जिंकतो आणि शत्रूचाच पूल उत्तम बांधण्याचा ध्यास घेतो. मुदत जवळ येताच त्याच अधिकाऱ्यांना तो कामावर उतरवतो, इस्पितळातल्या आजाऱ्यांनाही उठवतो. सैतोला जबरदस्तीने जे मिळाले नाही, ते निकल्सनच्या अभिमानामुळे आयते मिळते. शेवटी पूल ब्रिटिश सैनिकांनी बांधल्याची पाटी तो तिथे ठोकतो. हा उपरोध लीन कुठेही आवाज न चढवता दाखवतो. चित्रपटाचे मोठेपण त्यात आहे.

प्रत्यक्षातला सयाम–ब्रह्मदेश रेल्वेमार्ग ४१५ किलोमीटरचा. त्यावर सुमारे ६० हजार युद्धकैदी राबले, १२ हजारांहून अधिक मेले. त्यांच्याबरोबर दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर होते: मलायातल्या रबराच्या मळ्यांतले तमिळ, ब्रह्मी, जावाचे लोक. त्यांतले सुमारे ९० हजार दगावले, असा अंदाज आहे. कैद्यांजवळ निदान स्वतःचे लष्करी डॉक्टर होते. मजुरांजवळ तेही नव्हते. चित्रपटातल्या छावणीत हे मजूर नाहीतच. जपानी सोडले तर आशियाई माणसे ठळकपणे दिसतात ती कमांडोंची ओझी वाहणाऱ्या सयामी बायकांच्या रूपात.

कादंबरीवरचा चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे, हे खरे. पण या रेल्वेची जगातली आठवण बव्हंशी याच चित्रपटाने घडवली. त्यामुळे निकल्सनच्या पाटीतली विसंगती दाखवणारा चित्रपट नकळत तीच पाटी पुन्हा लिहितो.

श्रेयनामावलीतही एक वगळणूक होती. कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन हे पटकथाकार हॉलिवूडच्या काळ्या यादीत असल्याने पटकथेचे श्रेय आणि ऑस्कर कादंबरीकार पिअर बूल यांना मिळाले. दोघांच्या मृत्यूनंतर अकादमीने ती चूक सुधारली. नव्या प्रतींत त्यांची नावे आली. ज्यांची नावनिशीच धडपणे नोंदली गेली नाही, त्या मजुरांसाठी अशी दुरुस्ती शक्य नाही. म्हणून हा चित्रपट जरूर पाहावा, पण त्या पाटीवर कोण नाही, हे ठाऊक असताना पाहावा.