खाडीकाठचे तैलरंग

1841 साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग प्रवासाला निघाले. तरीही आपल्याकडील प्रवासी चित्रकार बहुधा जलरंगांतच रमले; ओला कॅनव्हास दमट हवेत गाडीतून न्यायचा कसा, हा प्रश्न काही केवळ सौंदर्यशास्त्राचा नव्हे!

गोव्यातील सांगे येथे जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935) तैलरंगांचे खरे जाणकार. पणजीच्या फुंदासांव ओरिएंतमधील त्यांची व्यक्तिचित्रे पाहावीत. चेहऱ्यावरचे वय ते लपवत नाहीत.

नवी मुंबईत पारसिकच्या टेकडीवर वा बेलापूरच्या खाडीकाठी रंगपेटी उघडणाऱ्यांकडून हीच अपेक्षा आहे. त्यांच्या चित्रांत होडी येते, खारफुटी येते, सूर्यास्त तर हमखास येतो. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेले शहर मात्र गाळले जाते. मग जागेवर बसून रंगवलेले चित्र आणि कॅलेंडरवरून उतरवलेले चित्र यांत अंतर ते काय उरले? तैलरंग सावकाश वाळतो. ओहोटीच्या चिखलाचा राखी आणि काँक्रीटचा राखी त्यात ओल्यातच एकमेकांत मिसळता येतात. ज्या गावांची शेते आणि मिठागरे या शहराखाली गेली, तेथील तरुणांच्या कॅनव्हासवरूनही इमारती पुसलेल्या दिसतात, हे मला अधिक खटकते.