ब्रिटिश नभोवाणीचा रविवार

पुस्तकाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें, गायनाच्या बैठकीचेंहि होतें. परंतु नभोवाणीवरील एका सबंध दिवसाचें परीक्षण करावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. एखादें भाषण बरें वाटलें, एखादी नाटिका पडली, एवढें बोलून आपण पुढें जातों. वस्तुतः पहाटेच्या पहिल्या घंटानादापासून रात्रीच्या शेवटच्या बातमीपर्यंत कोणता कार्यक्रम कोणाच्या शेजारीं बसवावा, हीहि एक रचनाच आहे. आणि रचना करणाराचें श्रोत्याविषयीं काय मत आहे तें तींत स्वच्छ उमटतें. ब्रिटनच्या बी. बी. सी. या राष्ट्रीय नभोवाणीचा रविवार या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. शंभर वर्षांत या एका दिवसाविषयीं तेथें जितका वाद झाला, तितका उरलेल्या सहा दिवसांविषयीं क्वचितच झाला असेल.

बी. बी. सी. १९२२ सालीं खासगी कंपनी म्हणून निघाली आणि १९२७ च्या आरंभीं तिचें सार्वजनिक महामंडळ झालें. तिचे पहिले सूत्रधार जॉन रीथ हे स्कॉटलंडांतील एका पाद्र्याचे चिरंजीव. श्रोत्यास जें आवडतें त्याहून किंचित् वरचें द्यावें, हें त्यांचें ब्रीद. आणि रविवारीं तर या ब्रीदाची परमावधि होई. सकाळीं चर्चच्या वेळीं यंत्र मुकें असावयाचें. पुढें उपासना, प्रवचन, गंभीर संगीत आणि उद्बोधक भाषणें. नाचाचें संगीत आणि थट्टामस्करी यांना त्या दिवशीं मज्जाव. या धोरणाचा उपहास करणें सोपें आहे. परंतु त्याच्या खात्यावर जमाहि पुष्कळ आहे. ६ जानेवारी १९२४ च्या रविवारीं लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमधील उपासना प्रथम प्रक्षेपित झाली, आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या उशाशीं प्रार्थनामंदिर चालत आलें. एखाद्या सत्कार्यासाठीं श्रोत्यांकडे मदत मागण्याची प्रथा १९२६ सालीं पडली, ती निराळ्या नांवानें आजहि चालू आहे.

मग हा रविवार फसला कोठें? आमच्या मतें त्याचा दोष धार्मिकतेंत नसून एकसुरीपणांत होता. आठवडाभर खाणींत किंवा गिरणींत राबणाऱ्या माणसास सबंध मोकळा असा हा एकच दिवस. त्या दिवशीं त्याच्या घरांत हास्य उमटूं नये अशी योजना करणारानें त्याचें मन ओळखलें नव्हतें. १९३१ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रेडिओ नॉर्मंडी आणि १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्ग हीं केंद्रें जाहिरातींच्या पैशावर नेमक्या त्याच दिवशीं इंग्रजी श्रोत्यांस नाचगाणीं पुरवूं लागलीं, आणि लक्षावधि कुटुंबांनीं आपल्या यंत्राची खुंटी तिकडे फिरविली. दाराला कडी घातली होती, पण खिडकी उघडीच होती. श्रोत्यास वर नेण्याची इच्छा चांगली. परंतु जो निघूनच गेला त्यास वर नेणार तरी कसें?

ती कडी अखेर युद्धानें काढली. ३ सप्टेंबर १९३९ हा दिवसहि रविवारच होता. सकाळीं सव्वाअकरा वाजतां पंतप्रधान चेंबरलेन यांनीं जर्मनीशीं युद्ध सुरू झाल्याचें नभोवाणीवरून सांगितलें, आणि सायंकाळीं सहाव्या जॉर्ज राजांचें भाषण झालें. १९४० च्या आरंभीं सैनिकांसाठीं 'फोर्सेस प्रोग्रॅम' हा वेगळा प्रवाह निघाला. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या शिपायास रविवारीं केवळ प्रवचनच ऐकवावें, असा आग्रह आतां टिकण्यासारखा नव्हता. रीथ तर १९३८ सालींच पायउतार झाले होते. शिपायासाठीं मोकळें केलेलें हास्य घरोघरचे नागरिकहि ऐकूं लागले.

परंतु कडी निघाली म्हणून गांभीर्य गेलें असें मात्र झालें नाहीं. डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या विदुषीनें मुलांच्या कार्यक्रमासाठीं ख्रिस्तचरित्रावर 'द मॅन बॉर्न टु बी किंग' ही बारा नाटकांची माला रचली. तिचा पहिला प्रयोग २१ डिसेंबर १९४१ च्या रविवारीं झाला. ख्रिस्ताची भूमिका नट करणार, आणि त्याचे शिष्य रोजच्या बोलींत बोलणार, हें कळतांच रविवारचें सोवळें पाळणाऱ्या मंडळींनीं मोठा गिल्ला केला. माला मात्र पुरी झाली आणि नांवाजली गेली. धर्म, नाट्य आणि मुलांची करमणूक यांना वेगळ्या कप्प्यांत ठेवणाऱ्या जुन्या रविवारास ही कृति सुचली नसती. निरूपणास आख्यानाची आणि आख्यानास विनोदाची जोड देणाऱ्या आपल्या कीर्तनकारांस हें रहस्य फार पूर्वींच उमगलें होतें.

युद्धानंतर मात्र निराळाच पेंच पडला. २९ जुलै १९४५ रोजीं हलक्याफुलक्या रंजनाचा 'लाइट प्रोग्रॅम' आणि २९ सप्टेंबर १९४६ रोजीं विद्वज्जनांसाठीं 'थर्ड प्रोग्रॅम' सुरू झाला. दोन्ही दिवस रविवारच. मध्यें 'होम सर्व्हिस' होतीच. श्रोता हळूहळू खालून वर चढेल, अशी महासंचालक विल्यम हेली यांची कल्पना होती. जिना बांधला खरा. परंतु प्रत्येक मजल्याचें दार निराळें ठेवलें. लाइटचा श्रोता थर्डकडे चुकून जाण्याचा संभवच उरला नाहीं, आणि नभोवाणीवरील निम्मी गोडी तर चुकून ऐकण्यांतच असते.

तरीहि लाइटच्या रविवारचे दुपारचे दोन तास दुय्यम मानूं नयेत. जर्मनींतील सैनिक आणि मायदेशांतील त्यांचीं माणसें यांची आवडीचीं गीतें एकत्र ऐकविणारा 'फॅमिली फेव्हरिट्स' हा कार्यक्रम म्हणजे गाण्यांच्या पाकिटांतून पाठविलेलीं पत्रेंच. लंडनहून जीन मेटकाफ आणि हँबुर्गहून क्लिफ मिशेलमोर तो सादर करीत. दोघांची ओळख तारेवरच्या संभाषणांत वाढली आणि १९५० सालीं त्यांचा विवाह झाला. पुढें १९६५ ते १९६८ या काळांत याच भोजनवेळीं 'राउंड द हॉर्न' हा विनोदी कार्यक्रम लागे. त्यांतील ज्युलियन आणि सँडी हीं पात्रें समलिंगी पुरुषांच्या वर्तुळांतील सांकेतिक बोलींत चुरचुरीत संवाद करीत, आणि तशा संबंधांना इंग्लंड-वेल्समध्यें १९६७ पर्यंत कायद्यानें गुन्हा ठरविलेलें होतें. न्यायालय ज्यांस शिक्षा देई, त्यांच्या बोलीवर आजीपासून नातवापर्यंत सारें कुटुंब जेवतांना मनमुराद हसे. प्रवचनानें जें साधलें असतें कीं नाहीं याची शंका आहे, तें येथें एका हशानें थोडेंबहुत साधलें.

आजच्या 'रेडिओ फोर'च्या रविवारीं या सर्व थरांचे अवशेष एकाखालीं एक सांपडतात: चर्चचा घंटानाद, उपासना, सत्कार्याचें आवाहन, १९५१ पासून राष्ट्रभर ऐकविल्या जाणाऱ्या 'द आर्चर्स' या ग्रामकथेची आठवड्याची एकत्रित आवृत्ति, १९४२ पासूनचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स', आणि नाट्य. मात्र पाया हलला आहे. २०२१ च्या शिरगणतींत इंग्लंड-वेल्समध्यें स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे ४६.२ टक्केच निघाले. लोकप्रिय गीतांची क्रमवारी सांगणारा जुना रविवारचा कार्यक्रम जुलै २०१५ मध्यें शुक्रवारीं गेला. आणि २०१८ पासून 'बी. बी. सी. साउंड्स'वर ज्यानें त्यानें हवें तें हव्या वेळीं ऐकावें अशी सोय झाली.

ही सोय वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. रीथच्या रविवारीं ज्याचा कोंडमारा झाला त्यानें तिचें स्वागतच केलें असतें. परंतु स्वतःच निवडणारा श्रोता आपल्या आवडीपाशींच परत परत येतो. माळ्यास उपासना आणि भाविकास विनोद कानावर पडण्याचा योग त्यास दुर्मिळ होतो. एका धर्माच्या आधारानें राष्ट्राचा रविवार बांधण्याचे दिवस गेले, आणि तें योग्यच झालें. आतां तो टिकावयाचा असेल तर विविधतेच्या आणि आतिथ्याच्या बळावरच टिकेल. त्यासाठीं घंटानादानंतर काय ठेवावें आणि हशाच्या आधीं काय ठेवावें याचा विचार करणारा कोणीतरी जाणता रचनाकार हवा. यंत्रानें श्रोत्याची कालची आवड मोजून तें काम होणार नाहीं.