फीत, पाकीट आणि परिभाषा

परिभाषेचा प्रश्न निघाला कीं आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, शब्द संस्कृतांतून घडवा. दुसरा म्हणतो, इंग्रजी शब्द जसेच्या तसे घ्या. संगणकाच्या साहित्याविषयीं हा वाद अजून चालूं आहे. आमच्या मतें दोघांची कसोटीच चुकते. शब्द कोठून आला हें पाहण्यापूर्वीं तो वस्तूचें काम दाखवितो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

'टेप' हेंच उदाहरण घ्या. १९५१ सालीं युनिव्हॅक या अमेरिकन संगणकाबरोबर आलेली टेप निकेलचा मुलामा दिलेल्या कांशाची, अर्धा इंच रुंद होती. आज ती प्लॅस्टिकची असते. एलटीओ जातीच्या नवव्या पिढींत, म्हणजे २०२१ सालीं, एका डबींत हजार मीटरांहून लांब टेप बसली व तींत १८ टेराबाइट माहिती मावूं लागली. रुंदी मात्र तीच, अर्धा इंच. या साधनाचा स्वभाव त्याच्या लांबटपणांत आहे. हवी ती माहिती टोकाला असेल, तर तेथवर टेप उलगडावीच लागते. उलट, गुंडाळून कपाटांत ठेवली तर ती वीज खात नाहीं. म्हणून जुनें दप्तर जपण्यास ती स्वस्त पडते. 'चुंबकीय संचय-माध्यम' या शब्दांत यांतलें कांहींच दिसत नाहीं. 'फीत' म्हणतांच सारें दिसतें. शिवाय ध्वनिफीत व चित्रफीत हे तिचे आप्त वर्तमानपत्रांनीं घरोघर पोंचविलेच आहेत. गंमत अशी कीं शुद्धिवाद्यांना आपली वाटणारी ही फीत मूळची पोर्तुगीज आहे!

म्हणून 'मिळेल तो परका शब्द घ्या' असेंही ठरत नाहीं. फितीच्या डबीस इंग्रजींत कार्ट्रिज म्हणतात. आमचें 'काडतूस' त्याच कुळांतलें, तेंही पोर्तुगीजांकडूनच आलेलें. परंतु कचेरींत कोणीं "कालचीं काडतुसें कपाटांत ठेवलींत का?" असें विचारलें, तर दारांत पोलीस उभे राहतील. येथें साधी 'डबी'च बरी.

आतां संगणकांच्या दळणवळणाकडे वळूं. १९६५ च्या सुमारास इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरींत डोनाल्ड डेव्हिस यांनीं लांब संदेशाचे तुकडे करून ते सुटे सुटे पाठविण्याची कल्पना मांडली व त्या तुकड्यास 'पॅकेट' हें नांव दिलें. हा शब्द इतर भाषांत सहज जाईल ना, याविषयीं त्यांनीं भाषातज्ज्ञाचें मतही घेतलें होतें. आम्हीं मात्र वर्गासाठीं केलेल्या टांचणांत त्यास 'संवेष्टिका' म्हटलें. एका विद्यार्थ्यानें अर्थ विचारला, तेव्हां "पॅकेट" हेंच उत्तर द्यावें लागलें. ज्याचा अर्थ सांगण्यास परभाषेंत जावें लागतें, तो शब्द स्वभाषेचा कसला? वास्तविक 'पाकीट' आमच्या घरांत कैक वर्षें आहे. वर पत्ता, आंत मजकूर. संदेशाच्या प्रत्येक तुकड्यावरही असाच पत्ता असतो. राउटर तो वाचून पुढली वाट ठरवितो, आणि वेगवेगळ्या वाटांनीं गेलेले तुकडे शेवटीं जुळवितां येतात. हें सर्व मराठी पाकीट मूळ शब्दाहून अधिक चांगलें सांगतें.

'फायरवॉल'ची 'अग्निभिंत' करणें हा याच्या उलट प्रकार. आग पलीकडे पसरूं नये म्हणून बांधलेली भिंत ज्यांच्या परिचयाची, त्यांस तें रूपक बोलतें. आमच्या वाचकास ती पेटलेली भिंत वाटते. येणाऱ्याजाणाऱ्यास तपासून सोडणारा आपला 'नाका' तेंच काम सांगतो.

संस्कृताचें आम्हांस वावडें नाहीं. 'संगणक' रुजला, कारण 'गणना' व 'गणित' यांची ओळख शाळेंतच झालेली असते. पण असा आधार नसलेला शब्द विद्यार्थी घोकतो, त्यास भितो, आणि शेवटीं हा विषयच आपल्या भाषेचा नव्हे असें समजतो. हा तोटा कोशाच्या पानावर दिसत नाहीं, वर्गांत दिसतो. आमच्या टांचणांतील संवेष्टिकेवर आम्हीं काट मारली आहे. त्या जागीं आतां 'पाकीट' आहे, आणि त्याचा अर्थ अद्याप कोणीं विचारलेला नाहीं.