सर्व्हरची चाचणी कोणाच्या नावाने चालते? : सर्व्हरस्पेकची चिकित्सा

ॲन्सिबल, शेफ किंवा पपेट वापरून सर्व्हर तयार केला, तरी तो ठरल्याप्रमाणे तयार झाला का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यासाठीचे एक परिचित साधन म्हणजे सर्व्हरस्पेक. गोसुके मियाशिता यांनी ते २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. ते रुबी भाषेत, आरस्पेकच्या आधारावर लिहिलेले आहे. या टिपणात आपण त्याचे गुण पाहू आणि त्याच्या रचनेतील एका उणिवेची चिकित्सा करू.

१. गुण

सर्व्हरस्पेक एसएसएचने सर्व्हरवर जाते, साध्या आज्ञा चालवते आणि त्यांचे उत्तर तपासते. सर्व्हरवर वेगळा एजंट बसवावा लागत नाही. कॉन्फिगरेशन कोणत्या साधनाने केले, याच्याशीही त्याला कर्तव्य नाही. 'पोर्ट ८० वर कोणी ऐकत असले पाहिजे', 'ही सेवा चालू असली पाहिजे' अशी वाक्ये जवळजवळ बोलीसारखी लिहिता येतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ती वाचून अर्थ सांगू शकतो.

२. उणीव : वाक्यात कर्ता नाही

नेमकी याच वाक्यांत एक गोष्ट गाळलेली असते. 'रुबीची आवृत्ती अमुक असली पाहिजे' असे आपण लिहितो. पण कोणासाठी? रूटसाठी, लॉगिन केलेल्या माणसासाठी, की रात्री क्रॉनमधून चालणाऱ्या कामासाठी? लिनक्सवर या तिघांना एकाच आज्ञेची तीन वेगळी उत्तरे मिळू शकतात.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. उबुंटू सर्व्हरवर 'डिप्लॉय' नावाच्या वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत आरबीएनव्हीने रुबी बसवली आहे. तिचा मार्ग पाथमध्ये घालणारी ओळ त्याच्या बॅशआरसी फाइलमध्ये आहे. तुम्ही डिप्लॉय म्हणून लॉगिन करून आवृत्ती विचारता आणि उत्तर बरोबर येते. सर्व्हरस्पेकची चाचणी मात्र 'आज्ञा सापडली नाही' म्हणते किंवा सिस्टिमची जुनी रुबी दाखवते. याची तीन कारणे आहेत :

• एसएसएचचा वापरकर्ता रूट नसेल, तर सर्व्हरस्पेक मुळात आज्ञेआधी सुडो लावते. म्हणजे आज्ञा डिप्लॉय नव्हे, रूट चालवतो. सुडो बहुतेक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल पुसून टाकते आणि सिक्युअर पाथ ठरलेला असेल, तर पाथही बदलते. सेंटओएस ७ च्या मूळ सिक्युअर पाथमध्ये 'यूएसआर/लोकल/बिन' नाही, उबुंटूच्या पाथमध्ये आहे. त्यामुळे तीच चाचणी एका वितरणावर उत्तीर्ण आणि दुसऱ्यावर अनुत्तीर्ण होऊ शकते.

• आज्ञा 'बिन/एसएच' या शेलमधून जाते. उबुंटूवर हे शेल म्हणजे डॅश. ते बॅशआरसी वाचत नाही.

• बॅश असले, तरी उबुंटूची मूळ बॅशआरसी फाइल सुरुवातीलाच शेल इंटरॅक्टिव्ह आहे का ते पाहते आणि नसल्यास तिथूनच परतते. खाली लिहिलेली ओळ चालतच नाही.

फाइल वाचता येते का हे तपासताना सर्व्हरस्पेकमध्ये 'अमुक वापरकर्त्याला' असे जोडता येते. आज्ञा तपासताना मात्र तशी जागा नाही. ही विसंगती खटकते. त्यातच, साधनाने तयार करून दिलेल्या स्पेक-हेल्पर फाइलमध्ये सुडो बंद करण्याची, पाथ ठरवण्याची आणि भाषा-व्हेरिएबल ठरवण्याची ओळ असते, पण कॉमेंटच्या रूपात. चाचणीचा निकाल ज्यांवर ठरतो, त्या गोष्टी नवशिक्याच्या नजरेतून सहज सुटतात.

३. घाईचे उपाय

अशा वेळी बरेच जण लॉगिन शेल आणि इंटरॅक्टिव्ह शेल हे पर्याय चालू करतात किंवा चाचणीच्या पाथमध्ये आरबीएनव्हीचा मार्ग थेट लिहितात. निकाल हिरवा होतो, पण सर्व्हर होता तसाच राहतो.

सिस्टिमडी सेवा सुरू करताना कोणाचीही बॅशआरसी वाचत नाही. वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबचा पाथ सहसा 'यूएसआर/बिन' आणि 'बिन' एवढाच असतो. म्हणजे चाचणी उत्तीर्ण असूनही रात्रीचा बॅकअप रुबी न सापडल्याने बंद पडू शकतो. अनुत्तीर्ण चाचणी निदान सावध तरी करते. खोटी उत्तीर्ण चाचणी आपल्याला निर्धास्त करते, म्हणून ती अधिक घातक आहे.

उलट प्रकारही घडतो. व्हेग्रंटच्या बॉक्समध्ये 'व्हेग्रंट' या वापरकर्त्याला रूढीने पासवर्डविना सुडो मिळतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर ती मोकळीक नसेल, तर प्रयोगशाळेतील यश तिथे टिकत नाही.

४. निदानाचा क्रम

१. चाचणी ज्या मार्गाने जाते, त्याच मार्गाने वापरकर्त्याचे नाव, पाथ, होम, यूमास्क आणि लोकेल छापून घ्या.

२. हाताने लॉगिन करून तीच यादी काढा. दोन्ही याद्या क्रमाने लावून डिफने ताडून पाहा.

३. सेवा चालू असेल, तर प्रॉक डिरेक्टरीत तिच्या प्रोसेस क्रमांकाखालील एन्व्हायरन फाइल वाचा. सेवा सुरू होताना तिला काय मिळाले, ते तिथे दिसते.

४. मग ठरवा : चूक चाचणीत आहे की सर्व्हरवर? सेवेलाही रुबी सापडत नसेल, तर चाचणी खरे बोलत होती. युनिट फाइलमध्ये पूर्ण मार्ग लिहा किंवा एन्व्हायर्न्मेंटची ओळ घाला.

५. चाचणीत वापरकर्त्याचे नाव स्पष्ट लिहा. शक्य तिथे आज्ञेऐवजी सेवेने दिलेले प्रत्यक्ष उत्तर तपासा.

५. निष्कर्ष

सर्व्हरस्पेक टाकाऊ नाही. त्याची सुटसुटीत वाक्यरचना हे त्याचे बळ आहे, पण त्या सुटसुटीतपणासाठी त्याने कर्ता गाळला. तो परत लिहिणे ही चाचणी लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे. कोणतीही चाचणी वाचताना 'काय तपासले' याआधी 'कोण म्हणून तपासले' हे विचारा.

स्वाध्याय

१. तुमच्या संगणकावर पाथची किंमत थेट, सुडोने आणि क्रॉनमधून छापा. तिन्हींतील फरकाची कारणे लिहा.

२. चाचणीत लॉगिन शेल चालू करणे कोणत्या परिस्थितीत योग्य ठरेल? सकारण चर्चा करा.