नामपट्टीचा प्रश्न

ग्रंथाचें परीक्षण करतांना त्याच्या मुखपृष्ठाकडे व अनुक्रमणिकेकडे टीकाकार ओझरतें पाहतो, आणि तें योग्यच आहे. कारण छापलेल्या पुस्तकावरील कर्त्याचें नांव सहजासहजीं पुसलें जात नाहीं. संगीताची स्थिति मात्र आज निराळी झाली आहे. गिरगांवांतील चाळींत किंवा दादरच्या सदनिकेंत राहणाऱ्या रसिकाचा संग्रह आतां कपाटांत नसून खिशांतील मोबाइलमध्यें असतो. तबकडीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून संगणकावर आणि तेथून मोबाइलवर आलेल्या या गाण्यांची अनुक्रमणिका प्लेअर नांवाचें ॲप तयार करतें. ती चुकली कीं गाणें असून नसल्यासारखें होतें. म्हणून या अनुक्रमणिकेचें परीक्षण वाङ्मयीन मासिकाच्या कक्षेबाहेरचें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

तक्रारी ठराविकच असतात. गाणें मोबाइलमध्यें असून यादींत दिसत नाहीं; दिसलें तर ‘अज्ञात गायक’ या मथळ्याखालीं; नांवाच्या जागीं रिकामे चौकोन किंवा रोमन अक्षरांची खिचडी; एका संग्रहाचे दहा तुकडे आणि त्यांचा क्रम उलटापालटा; आणि शेवटीं, वाजतां वाजतां गाणें मध्येंच थांबणें. यावर ‘ॲप बदला’ हा एकच उपाय जो तो सुचवितो. आमचें म्हणणें असें कीं, शेवटची तक्रार वगळतां बाकीच्यांचें मूळ बहुधा ॲपमध्यें नसून फाइलीस जोडलेल्या नामपट्टींत, म्हणजे टॅगमध्यें असतें. आणि नामपट्टीच्याही मागें गेल्यास तें, गाणें कोणाचें याविषयींच्या आपल्या कल्पनेंत सांपडतें.

हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. 1902 सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान प्रभृति कलावंतांचे आवाज मुद्रित केले. तीं मुद्रणें तबकड्या बनविण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात. तेथील कामगारांस ना भाषा कळे, ना गायिका ओळखूं येई. गाणें संपतांच गायिका आपलें नांव स्वतः उच्चारी, त्याचा उलगडा सामान्यतः असाच केला जातो. या रीतीचा एक गुण असा कीं, नांव आवाजांतच गोंवलें गेल्यामुळें कागद फाटला तरी गायिका निनावी होत नसे. चोर बाजारांतील कागद झिजलेल्या तबकडीनेंही आपली ओळख स्वमुखानें द्यावी, इतकी ती सोय पक्की होती.

एमपी3 फाइलींस नांव देण्याची आयडी3 ही पद्धति एरिक केम्प यांनीं 1996 सालीं काढली. फाइलीच्या शेवटीं 128 बाइटांची एक चिठ्ठी जोडावयाची. तींत 3 बाइट खुणेचे, गाण्याच्या नांवास 30, गायकाच्या नांवास 30, संग्रहाच्या नांवास 30, सालास 4, टिपणास 30 आणि संगीतप्रकारास 1. प्रकारांची मूळ यादी 80 नांवांची होती. तींत पोल्का या युरोपीय नृत्यप्रकारास स्वतंत्र क्रमांक होता, पण ख्याल, ठुमरी, लावणी, अभंग आणि नाट्यसंगीत यांपैकीं एकासही नव्हता. चिठ्ठी लिहिणाराचा यांत दुष्ट हेतु नव्हता. त्यानें आपल्या घरचीं गाणीं समोर ठेवून चौकट आंखली. दोष आहे तो ती चौकट सर्व जगास पुरेल असें गृहीत धरण्यांत.

आपल्या घरचें एक उदाहरण घेऊन ही चौकट कशी अपुरी पडते तें पाहूं. ‘एकच प्याला’ हें नाटक राम गणेश गडकरी यांचें. ते 1919 च्या जानेवारींत निवर्तले आणि त्याच सालीं गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. त्यांतील पदें मात्र गडकऱ्यांचीं नव्हेत. तीं विठ्ठल सीताराम गुर्जर यांचीं आहेत. चाली देण्यांत सुंदराबाई जाधव यांचा वाटा, आणि सिंधूच्या भूमिकेंत तीं गाइलीं बालगंधर्वांनीं. आतां तीस बाइटांच्या ‘गायक’ या एकाच खणांत यांपैकीं कोणास बसवावयाचें? बालगंधर्व बसतात, नाटककार म्हणून कोणी गडकऱ्यांस बसवितो, आणि ज्यानें शब्द रचले ते गुर्जर दोन्ही वेळां बाहेर राहतात. पुस्तकाच्या छपाईंत असा अन्याय झाला असता, तर आपल्या मासिकांनीं त्यावर लेखमाला चालविली असती.

येथें न्याय दोन्ही बाजूंस केला पाहिजे. आयडी3 ची दुसरी आवृत्ति 1998 सालीं निघाली. तींत गीतकार, संगीतकार, वाद्यवृंद, राग किंवा ताल लिहिण्याजोगें टिपण, या सर्वांस पुरेशी जागा आहे. म्हणजे गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें गुर्जरांसाठीं खण मोकळा आहे. तो भरणारा मात्र भेटत नाहीं. भरलाच तर बहुतेक प्लेअर तो पडद्यावर दाखवीत नाहींत. दर्शनाच्या सेटिंगांत जाऊन ‘संगीतकार’ ही ओळ मुद्दाम चालू करावी लागते, आणि गीतकाराची ओळ कांहीं ॲपांत मुळींच नसते. आमच्या मतें प्लेअराची पहिली कसोटी हीच असावी. त्याचा पडदा किती रंगांचा आहे हें मागाहून पाहावें. तो किती कर्त्यांचीं नांवें दाखवूं शकतो, हें आधीं पाहावें.

नांवें लावणें हें कारकुनी काम आहे, असा समज असल्यास पं. विष्णु नारायण भातखंडे यांचें स्मरण करावें. वाळकेश्वरांत जन्मलेल्या या वकिलानें गांवोगांव हिंडून बंदिशी गोळा केल्या, त्यांस राग-तालाचीं नांवें लावलीं आणि सर्व राग दहा थाटांत मांडले. त्या मांडणीवर आक्षेप पुष्कळ झाले व आजही होतात. पण आक्षेप घेतां आले तेच मुळीं मांडणी समोर होती म्हणून. नामकरण हेंच अर्धें विवेचन होय.

क्रमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें ‘गीतरामायण’ 1955 सालीं पुणें आकाशवाणीवरून सुरू झालें व 1956 सालीं 56 गीतांनीं पूर्ण झालें. तें एक अखंड कथाकाव्य आहे. कुश-लवांच्या गायनानें त्याचा आरंभ, आणि त्याच कुमारांस वाल्मीकींनीं केलेल्या उपदेशानें शेवट. फाइलींस क्रमांक नसेल, तर प्लेअर गीतें वर्णानुक्रमानें लावतो. मग ‘ग’ नें सुरू होणारें अखेरचें गीत आरंभाकडे येतें आणि ‘स’ नें सुरू होणारें पहिलें गीत शेवटाकडे जातें. कवीनें बांधलेलें वर्तुळ बाराखडी मोडून टाकते. क्रमांक नांवांतच लिहिले असतील, तर साध्या प्लेअरांत 1 नंतर 10, 11 आणि मग 2 येतो; म्हणून 01, 02 असें लिहावें, आणि तेंही नांवांत न लिहितां क्रमांकाच्या स्वतंत्र खणांत लिहावें हें उत्तम. मूळ प्रक्षेपणांत माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक होते. अशा संग्रहाचे प्लेअर गायकागणिक तुकडे करतो. त्यावर उपाय असा कीं, ‘संग्रहाचा कलाकार’ या खणांत सर्व फाइलींस एकच नांव द्यावें आणि ‘गायक’ या खणांत ज्याचें त्याचें. घराचें नांव एक आणि माणसांचीं नांवें अनेक, ही गोष्ट चाळींत राहणारास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां देवनागरीकडे वळूं. यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें, आणि काना, वेलांटी, हलन्त हींही स्वतंत्र चिन्हेंच. जुन्या चिठ्ठींत कोणी ही लिपि भरूं गेल्यास ‘एकच प्याला’ हें नांव 28 बाइटांत कसेंबसें बसतें. पण त्यामागें ‘संगीत’ हा शब्द जोडतांच 44 बाइट होतात आणि ‘प्याला’ चा केवळ ‘प’ उरून पुढें एक तुटका बाइट राहतो. पडद्यावर दिसणारें विचित्र चिन्ह तें हेंच. म्हणून जुनी चिठ्ठी काढून टाकावी आणि केवळ दुसऱ्या आवृत्तीची ठेवावी. दोन्ही चिठ्ठ्या राहून त्यांत मतभेद असल्यास कोणता प्लेअर कोणती खरी मानील याचा नेम नसतो. युनिकोडपूर्व फाँटांतून टंकलेलीं नांवें रोमन अक्षरांच्या खिचडीसारखीं दिसतात; त्यांस सेटिंग बदलून गुण येत नाहीं, तीं पुन्हां लिहावीं लागतात. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मात्र नांव शाबूत असून फाँट अपुरा आहे असें समजावें.

याहून मोठा घोटाळा आपण स्वतःच करतों. ‘बालगंधर्व’, ‘बाल गंधर्व’ आणि ‘नारायणराव राजहंस’ हे यंत्राच्या दृष्टीनें तीन गायक आहेत. ‘पं. भीमसेन जोशी’ व ‘भीमसेन जोशी’ हे दोन. आदरार्थी उपपदें नांवाआधीं लावल्यामुळें सारे पंडित ‘प’ खालीं आणि सारे उस्ताद ‘उ’ खालीं एकत्र जमतात, आणि रसिकास आपला गायक त्या दरबारांत शोधीत बसावें लागतें. आदर मनांत ठेवावा आणि नांव एका रीतीनें लिहावें. तसेंच ‘भाग 1’, ‘भाग 2’ हे शब्द लांब नांवाच्या टोकास ठेवूं नयेत. अरुंद पडद्यावर टोक कापलें जातें आणि दोन्ही भाग सारखेच दिसूं लागतात.

वादनासंबंधीं थोडेंच सांगावयाचें आहे. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यामुळें ख्याल दोन बाजूंवर विभागला जाई. आज ते दोन भाग दोन फाइली होतात, आणि एमपी3 च्या रचनेमुळें प्रत्येक फाइलीच्या आरंभीं व शेवटीं निमिषमात्र निःशब्दता शिरते. प्लेअरांतील ‘गॅपलेस’ ही सोय चालू करावी. तिच्याशेजारचें ‘क्रॉसफेड’ मात्र बंद ठेवावें, कारण तें एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभावर ओततें आणि समेचा ठाव नाहींसा करतें. आवाजाची पातळी सारखी करणारी सोय गाण्यागणिक न लावतां संग्रहागणिक लावावी. एरव्हीं स्वतंत्र फाइल असलेली मंद आलापी आणि तिच्यामागून येणारी द्रुत बंदिश एकाच मापाच्या होतात. लालबागच्या मंडळांत आरती मोबाइलवरून लागते आणि ऐन आरतींत फोन येऊन ती थांबते. पडदा विझल्यावर बॅटरी वांचविणारी यंत्रणा प्लेअर बंद करते. फ्लाइट मोड आणि त्या यंत्रणेंतून प्लेअरास दिलेली सूट, एवढ्यानें हें भागतें. गाणें यादींतून नाहींसें झाल्यास प्रथम तीच फाइल दुसऱ्या प्लेअरांत वाजवून पाहावी, म्हणजे दोष फाइलीचा कीं ॲपचा हें कळतें; मग फोल्डरांत ‘.नोमीडिया’ नांवाची लपविणारी फाइल नाहीं ना हें पाहावें, आणि संग्रह पुन्हां वाचावयास लावावा. नामपट्ट्या बदलण्यापूर्वीं मूळ फाइलींची प्रत ठेवावी, हें सांगणें नलगे.

येथपर्यंत वाचणारा रसिक म्हणेल : स्वर गोड लागला म्हणजे झालें, नांवाचा एवढा सोस कशास? आपल्या जात्यावरच्या ओव्या निनावीच नाहींत काय? हा आक्षेप हलका नव्हे. पण ओवी निनावी होती ती सर्व गांव तिची धनी होती म्हणून. फाइल निनावी होते ती आपण तिच्या धन्याचें नांव गाळलें म्हणून. 1944 सालीं उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाकडे पाहा. अण्णा भाऊ साठे यांनीं रचावें, अमर शेख यांनीं आपल्या बुलंद आवाजांत तें मैदानांत पोंचवावें, द. ना. गव्हाणकर यांनीं साथ द्यावी, असें तें पथक. त्यांच्या पिढीचा एखादा पोवाडा आज मोबाइलवर ‘अज्ञात गायक, ट्रॅक 7’ म्हणून दिसला, तर तो लोकसंगीताचा गौरव नव्हे. श्रमिकांच्या शाहिरास दुसऱ्यांदा बेदखल करणें होय. शिवाय 2012 च्या दुरुस्तीनें प्रताधिकाराच्या कायद्यानें गीतकार व संगीतकार यांस आपल्या कृतीच्या वापरावर मोबदल्याचा वाटा मिळण्याचा असा हक्क दिला आहे, कीं तो सरसकट लिहून देतां येत नाहीं. नांवच गहाळ झालें तर हक्क बजावावयाचा कोणी आणि कोणाविरुद्ध?

तेव्हां प्लेअर करणाऱ्यांकडून आमची अपेक्षा थोडी आहे : गीतकाराची ओळ दाखवा, देवनागरीची वेलांटी कापूं नका. रसिकांकडून मात्र ती अधिक आहे. यंत्र गाण्याची ध्वनिरेखा ओळखील, तिच्याशीं जुळणारी नोंद जगांत कोठें असल्यास तीही आणून देईल. पण जी नोंद कोणीं केलीच नाहीं ती तें आणणार कोठून? ‘एकच प्याल्या’ तील पद गुर्जरांचें आहे, हें ज्यास ठाऊक आहे त्यानेंच तें लिहिलें पाहिजे. ज्या घरांत जुन्या तबकड्यांच्या फाइली झाल्या आहेत, तेथें ही माहिती अद्याप वडील माणसांच्या तोंडीं आहे. ती त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वीं खण भरले जावेत.