सेवापुस्तकातील शेरा

चित्रकथा वाचणे हा लहान मुलांचा उद्योग असून प्रौढ माणसाने तो करावयाचा झाल्यास दाराला कडी लावून करावा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. १९६४ साली इंद्रजाल मालिका निघाली आणि वेताळ घरोघर येऊ लागला. त्या घरांतील वडील मंडळींनीही तो वाचला, पण मुलांच्या हातून पुस्तक काढून घेण्याचे निमित्त करूनच वाचला. तेव्हा एका अमेरिकन चित्रकथेतील नायकाविषयी, आणि तोही पत्नीवर हात उगारल्यामुळे बदनाम झालेल्या नायकाविषयी, आम्ही या पृष्ठांवर लिहावे हे काही वाचकांस खटकेल. परंतु हँक पिम या नायकाची बाजू आजवर त्याच्या चाहत्यांनी इतक्या वाईट रीतीने मांडली आहे, की त्याच्या निंदकांपेक्षा त्याच्या वकिलांनीच त्याचे अधिक नुकसान केले आहे, असे आमचे मत झाले आहे.

या पात्राचा जन्म जानेवारी १९६२ च्या 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' या मासिकातला. स्टॅन ली, लॅरी लीबर आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी मिळून सांगितलेली ती एक छोटीशी भयकथा होती: एक शास्त्रज्ञ स्वतःच्या औषधाने मुंगीएवढा होतो आणि वारुळात अडकतो. कथा तेथेच संपावयाची होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मात्र पिम परत आला, मुंग्यांना हुकूम देणारे शिरस्त्राण घालून, 'अँट-मॅन' या नावाने. १९६३ च्या जून महिन्यात जॅनेट व्हॅन डाइन ही श्रीमंत घरची तरुणी 'वास्प' होऊन त्याच्या जोडीला आली. त्याच कथेत पिमची पहिली पत्नी मारिया हिचा हंगेरीत खून झाल्याचे वाचकांस प्रथम कळले. म्हणजे दुसरा संसार सुरू होण्याच्या क्षणीच पहिल्या संसाराची राख त्याच्या हातात होती. त्याच वर्षी थॉर, आयर्न मॅन व हल्क यांच्याबरोबर या दोघांनी 'अव्हेंजर्स' हा संघ स्थापला.

येथपर्यंत सारे ठीक होते. पण मुंगीएवढा माणूस देवांच्या व दैत्यांच्या पंक्तीत बसला म्हणजे त्याला स्वतःचे आसन लहान वाटू लागणे स्वाभाविक आहे. १९६३ सालीच तो वाढून 'जायंट-मॅन' झाला, १९६६ त 'गोलायथ' झाला आणि १९६८ त 'यलोजॅकेट' झाला. सात वर्षांत चार नावे! इतक्या वेळा खाते बदललेला माणूस एक तर फार कर्तबगार असतो किंवा तो कोणत्याच साहेबाला नको असतो, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. १९६८ सालीच रॉय थॉमस या लेखकाने त्याच्या हातून अल्ट्रॉन नावाचा विचार करणारा यंत्रमानव घडविला, आणि त्या यंत्राने निर्मात्याचाच द्वेष आरंभिला. यलोजॅकेटचा जन्मही अपघाती वायूंनी बुद्धी भ्रमित झाल्यामुळे झाला होता. 'पिमला मी ठार केले आहे' असे सांगत तो आला. जॅनेटने मुखवट्याआडचा माणूस ओळखला आणि त्या अवस्थेतच त्याच्याशी लग्न लावले. पुढे जिम शूटर या लेखकाने या जोडप्याच्या साऱ्या जुन्या कथा पुन्हा वाचून काढल्या, तेव्हा त्याला पिमच्या चरित्रात अपयशांची मालिकाच दिसली. आम्हीही त्या कथा चाळल्या आहेत आणि शूटरचा निष्कर्ष आम्हास चुकीचा वाटत नाही.

आता त्या प्रसंगाकडे वळू. 'अव्हेंजर्स' मासिकाचे २१२ व २१३ हे अंक, ऑक्टोबर व नोव्हेंबर १९८१. एक शत्रुपक्षाची स्त्री कॅप्टन अमेरिकाच्या समजावणीने शांत होत असता पिम पाठीमागून तिच्यावर मारा करतो. मिटत आलेले प्रकरण पुन्हा पेटते, आणि शेवटी त्याचा जीव वाचवावा लागतो तो त्याच्या पत्नीला. संघ त्याच्यावर आरोप ठेवतो व चौकशीचा दिवस नेमतो. ज्यांनी विभागीय चौकशीची नोटीस हातात घेऊन एक रात्र तरी काढली आहे, त्यांना पुढील पाने वाचताना अंगावर काटा येईल. पिम प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेतो आणि एक यंत्रमानव बनवू लागतो. बेत असा, की ऐन चौकशीत हे यंत्र सर्वांवर तुटून पडावे आणि त्याचे मर्मस्थान एकट्या पिमला ठाऊक असल्यामुळे त्यानेच सर्वांस वाचवावे. जॅनेटला हा बेत कळतो व ती विरोध करते. तेव्हा तो तिला मारतो. एका चौकटीत हे सारे घडते. दुसऱ्या दिवशी यंत्र बेताप्रमाणे चालून येते, पिमलाच चिरडू लागते, आणि मर्मस्थानावर घाव घालून त्याला वाचविते ती पुन्हा जॅनेटच. संघ त्याला काढून टाकतो. पुढच्याच अंकात घटस्फोटाची भाषा येते.

हे वाचताना आम्हास 'एकच प्याला'तील सुधाकर आठवला. गडकऱ्यांचे ते नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि त्याला मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. आमच्या मते दारू हे त्यातील निमित्त. मूळ दुखणे आहे ते न्यायालयात चारचौघांसमक्ष झालेला अपमान आणि काही काळापुरती गेलेली सनद. हुशार, मानी, स्वतःच्या हुशारीवरच उभा असलेला माणूस. त्याच्या पायाखालची ती एक फळी काढून घेतली की तो कोसळतो आणि कोसळताना जे सर्वांत जवळ असेल त्यावर आदळतो. सुधाकराची सनद गेली, पिमचे सदस्यत्व जाऊ घातले. दोघांनाही अपमान करणाऱ्यावर हात टाकता आला नाही, तो पडला घरात. चित्रकथांच्या जगात दारुड्या म्हणून प्रसिद्ध असलेला नायक टोनी स्टार्क ऊर्फ आयर्न मॅन होय. त्याचे व्यसन १९७९ सालच्या कथांत रंगविले गेले. पण सुधाकराचा खरा भाऊबंद तो नव्हे. स्टार्कचे व्यसन पुढे त्याच्या चरित्राचे भूषण ठरले. एक वाईट काळ आला, त्याने तो जिंकला, आणि टाळ्या मिळाल्या.

भेद आहे तो स्त्रियांत. सिंधू दळण दळून घर चालविते, मूल गमावते आणि मरतानाही पोलिसांसमोर नवऱ्याला वाचविते. तिच्या या मौनावर आपल्या तीन पिढ्यांनी अश्रू ढाळले. जॅनेट नवऱ्याचा जीव वाचविते, पण त्याचे नाव वाचवीत नाही. ती विवाह मोडते, आणि १९८२ साली त्याच संघाची प्रमुख होते. या प्रमुखपदाचा उल्लेख पिमचे निंदक व वकील दोघेही क्वचितच करतात, हे आम्हास फार बोलके वाटते.

आता प्रश्न असा, की चाळीस वर्षे उलटली तरी हीच एक चौकट पिमच्या गळ्यात का बांधलेली आहे? याच जगात याहून भयंकर अपराध झाले आहेत. दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेचा ग्रीन लँटर्न म्हणजे हॅल जॉर्डन याने १९९४ सालच्या कथांत स्वतःच्या सहकाऱ्यांचे प्राण घेतले. २००४-०५ साली असे सांगण्यात आले की ते कृत्य त्याचे नव्हेच, त्याच्यात शिरलेल्या एका भयपिशाचाचे होते. आणि तो सन्मानाने कामावर रुजू झाला. हत्या क्षम्य, आणि एक तडाखा अक्षम्य, हा काय न्याय? आमचे उत्तर असे आहे: जे अपराध आपल्या हातून होणे शक्य नाही ते वाचक सहज क्षमा करतो. हिरव्या अंगठीने सहकाऱ्यांचा संहार करण्याची संधी आपणांपैकी कोणास येणार? पण कचेरीतून अपमान गिळून घरी येणे आणि दार उघडणाऱ्या माणसावर तो ओकणे हे भिंतीपलीकडल्या बिऱ्हाडात घडते, आणि कधी भिंतीच्या अलीकडेही घडते. पिमकडे पाहताना वाचकाला जी किळस येते तीत ओळखीचा अंश आहे. ती किळस योग्यच आहे, आणि ती कमी व्हावी अशी आमची इच्छा नाही.

म्हणूनच पिमच्या वकिलांशी आमचे भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, त्याची बुद्धी भ्रमली होती, तेव्हा तो जबाबदार नाही. भ्रम होता हे खरे. पण त्याच भ्रमात त्याने यंत्राचे मर्मस्थान नेमके कोठे ठेवावे याचा हिशेब बिनचूक केला होता. दुसरा पक्ष स्वतः शूटरचा आधार घेतो. २०११ साली शूटरने लिहिले की आपल्या संहितेत वैतागाने हात झटकताना जॅनेटला चुकून लागते एवढेच होते, चित्रकार बॉब हॉल याने त्याचा सरळ ठोसा करून टाकला. लेखकाची ही कैफियत खरी मानावयास आम्ही तयार आहोत. परंतु चित्रकथेत जे काढले गेले तेच घडले, आणि पुढील साऱ्या कथा त्या छापील चौकटीवर उभ्या आहेत. मनात राहिलेल्या संहितेवर नव्हेत. शिवाय चित्रकाराने केलेली ही 'चूक' लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक सत्य आहे, असे आम्ही धाष्टर्याने म्हणू. 'चुकून लागले' हे वाक्य दवाखान्यात डॉक्टरांनी अनेकदा ऐकलेले असते.

तिसरी तऱ्हा चित्रपटवाल्यांची. २०१५ सालच्या 'अँट-मॅन' चित्रपटात मायकेल डग्लसने रंगविलेला पिम पत्नीच्या विरहात झुरणारा, किंचित तापट, परंतु स्वच्छ म्हातारा आहे. अल्ट्रॉनचे पापही त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटात स्टार्कच्या खात्यावर टाकले गेले. डग्लसने काम उत्तम केले आहे. तो जे पात्र रंगवितो त्याला फक्त नाव पिमचे आहे. याउलट मार्क मिलर याने २००२ सालच्या 'अल्टिमेट्स'मध्ये पिमला जॅनेटवर मुंग्या सोडणारा राक्षस केले. काहींना यात धैर्य दिसते. आम्हास हीही एक प्रकारची धुलाईच वाटते, कारण राक्षसाने केलेला छळ पाहून सामान्य वाचक निश्चिंत होतो: हा आपल्यातला नव्हे!

येथे आमच्याच बाजूवर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. पुरुषाच्या व्यक्तिरेखेला खोली यावी म्हणून स्त्रीने मार खावा, आणि रसिकांनी त्या खोलीचे कौतुक करावे, हा साहित्यातील जुना अप्रामाणिकपणा आहे. आम्ही तोच करीत नाही काय? अंशतः करीत आहो. पुढच्या कित्येक लेखकांनी या दोघांना पुन्हा जवळ आणले तेव्हा जॅनेटच्या क्षमेचा उपयोग पिमच्या प्रमाणपत्रासारखा केला, आणि त्या कथा आम्हास सोसवत नाहीत. पिमची बाजू जॅनेटच्या क्षमेवाचून मांडता आली तरच ती मांडण्यात अर्थ आहे.

ती मांडता येते, याचा पुरावा स्टीव्ह एंगलहार्ट या लेखकाने १९८७ साली दिला आहे. तोवर पिम तुरुंग पाहून आला होता. एका जुन्या शत्रूने त्याला खोट्या गुन्ह्यात गोवले होते. १९८३ साली रॉजर स्टर्नच्या कथेत तो निर्दोष सुटला, आणि सुटूनही संघात न परतता निघून गेला. येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी: त्याची सुटका झाली ती न केलेल्या गुन्ह्यातून. केलेल्या कृत्याचा शेरा सेवापुस्तकात तसाच राहिला, आणि तो खोडण्यासाठी त्याने अर्जही केला नाही.

'वेस्ट कोस्ट अव्हेंजर्स'च्या सतराव्या अंकात तो एका खोलीत बसला आहे. आयुष्याचा जमाखर्च मांडून झाला आहे आणि हाती पिस्तूल आहे. 'फायरबर्ड' नावाची एक श्रद्धाळू स्त्री त्याला अडविते. तिच्याशी त्याचा संसार नाही, तिचे त्याने काही बिघडविलेले नाही, तेव्हा तिला क्षमा करण्याचा अधिकारही नाही. ती केवळ त्याला मरू देत नाही. त्यानंतर पिम कामाला लागतो, पण या खेपेस नवे नाव घेत नाही. अनेक खिशांचा एक साधा पोशाख तो अंगावर चढवितो. त्या खिशांत अवजारे मुंगीएवढी करून ठेवलेली असतात, लागेल तेव्हा तो ती मोठी करतो, आणि सहकारी त्याला 'डॉक्टर पिम' म्हणून हाक मारतात. पंचवीस वर्षांत प्रथमच तो ना स्वतः लहान होतो, ना मोठा. माणसाच्या उंचीचा राहून, ज्यांना त्याचा इतिहास ठाऊक आहे अशा लोकांत, तो यंत्रे दुरुस्त करीत हिंडतो.